पावलं फोन मोजतो, पण फोन कुठे असतो?



या वेळचं आरोग्याचं पान एका ताईंमुळे लिहिते आहे. त्यांना विचारूनच लिहिते, पण नाव देत नाही. त्या खोपोलीजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करतात. कंपनीने कामगारांचा गट आरोग्य विमा काढला आणि त्यासोबत सगळ्यांना एक ‘वेलनेस’ ॲप दिलं. रोज दहा हजार पावलं चाला, गुण मिळवा, तीन महिन्यांनी बक्षीस. कोणाची किती पावलं झाली याची यादी दर सोमवारी नोटीस बोर्डवर लागायची. ताईंचा आकडा रोज आठशे, नऊशे, फार तर हजार. सुपरवायझर हसत म्हणाले, “मावशी, तुम्ही तर दिवसभर बसूनच असता वाटतं.”

ताईंना सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं. पाळी सुटली की घरी येऊन गोळी घ्यायची, जेवण पुढे ढकलायचं आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने चालत सुटायचं, असं त्यांनी सुरू केलं. चौथ्या रात्री त्यांच्या मुलाचा मला फोन आला. आईला दरदरून घाम आलाय, हात थरथरताहेत, काहीबाही बोलतेय. मी ग्लुकोमीटर घेऊन गेले. साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, वर आल्यावर भाकरी आणि वरण खायला लावलं. थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा फोन हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “कामावर असताना हा कुठे असतो?” ताई म्हणाल्या, “गेटवर. लॉकरमध्ये. आत न्यायला बंदी आहे ना.”

म्हणजे सकाळी सातपासून ताई भांडी, ट्रे, पिंपं घेऊन शेड ते शेड चालत होत्या आणि फोन लॉकरमध्ये पडून होता. ॲपने ताईंची पावलं मोजलीच नव्हती. त्याने लॉकरची मोजली होती.

हे आपल्याकडे अनेकांचं होतं आहे. कर्जत-खालापूरच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत अशी ॲप आली आहेत. केंद्र सरकारचं ‘फिट इंडिया’ ॲपही २९ ऑगस्ट २०२१ पासून आहे, त्यातही पावलं मोजली जातात. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, एका ॲपमधून दुसऱ्यात कसा जातो, वाटेत कुठे अडतो आणि त्याला किती महत्त्व द्यायचं, हे नीट समजून घेऊ.

फोनला पाऊल कसं कळतं?

फोनला डोळे नाहीत. त्याच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक सेन्सर असतो. फोन कोणत्या दिशेला किती झटक्याने हलला एवढंच त्याला समजतं. आपण चालतो तेव्हा शरीर एका लयीत वर-खाली होतं. तशी लय सलग काही पावलं टिकली की फोन समजतो, ही व्यक्ती चालते आहे, आणि मोजायला लागतो. स्वयंपाकघरात ओट्यापासून मोरीपर्यंत चार पावलं, मग थांबलो, पुन्हा तीन पावलं, अशी तुटक चाल पुष्कळदा मोजणीत येतच नाही. बायकांचं घरातलं बरंचसं चालणं असंच असतं.

मनगटावरचा पट्टा किंवा घड्याळ हाताच्या हेलकाव्यावरून अंदाज बांधतं. डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरला, कँटीनची ट्रॉली ढकलली, बाळ कडेवर घेतलं, तर हात हलत नाही आणि पावलं कमी भरतात. उलट बसल्या जागी पीठ मळताना, कपडे घासताना किंवा टाळ्या वाजवताना काही पट्टे फुकटची पावलं देतात. आमच्या महिला मंडळातल्या एकीच्या नातवाने आजीचा फोन पाळण्यात ठेवून दिला होता. बाळ झोपलं आणि आजींची पावलं वाढत राहिली. हसून हसून पुरेवाट झाली, पण यंत्राची मर्यादा सगळ्यांना कळली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र ओझं मोजत नाही, चढ मोजला तरी अंदाजाने मोजतं, आणि वाकून केलेलं काम तर मोजतच नाही. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बाईची पावलं ऑफिसात बसणाऱ्या माणसाएवढीच दिसू शकतात. तिच्या कंबरेला विचारा, कोण जास्त राबलं ते.

मोजायला इंटरनेट लागत नाही. कर्जतच्या आतल्या वाड्या-पाड्यांवर नेटवर्क नसलं तरी सेन्सर मोजत राहतो. नेट लागतं ते पुढे पाठवायला.

आकडा एका ॲपमधून दुसऱ्यात कसा जातो?

यालाच ‘सिंक होणं’ म्हणतात. मी आरोग्य खात्यात काम केलेली, म्हणून मला हे रजिस्टरच्या भाषेत सोपं जातं. आशाताई घरोघरी जाऊन डायरीत नोंद करते. ती नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये चढते. तिथून ती तालुक्याच्या अहवालात जाते. तालुक्याचा अधिकारी कुणाच्या घरी गेलेला नसतो, त्याला वरचा आकडाच दिसतो.

इथेही तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी मोजणारा. म्हणजे फोनचा सेन्सर किंवा मनगटावरचा पट्टा. ही आशाताईची डायरी.

दुसरी पायरी साठवणारा. आयफोनमध्ये २०१४ पासून ‘हेल्थ’ नावाचं ॲप हे काम करतं. अँड्रॉइड फोनमध्ये अनेक वर्षं ‘गूगल फिट’ होतं. आता गूगलने त्याची जोडणी बंद करत आणून ‘हेल्थ कनेक्ट’ पुढे आणलं आहे. अँड्रॉइड १४ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ते सेटिंगमध्येच असतं. त्याआधीच्या फोनवर, अँड्रॉइड ९ पासून, ते प्ले स्टोअरवरून घेता येतं. हे कोठार आहे. धान्य कुणीतरी आणून टाकलं तरच कोठारात असणार. तसं पुष्कळदा मोजणाऱ्या ॲपने पावलं तिथे लिहिली तरच ती दिसतात. हे उपकेंद्राचं रजिस्टर.

तिसरी पायरी मागणारा. म्हणजे विमा कंपनीचं, कारखान्याचं किंवा सरकारी वेलनेस ॲप. ते पुष्कळदा स्वतः काही मोजत नाही, कोठारातला आकडा वाचून आपल्या सर्व्हरवर नेतं. हा तालुक्याचा अहवाल.

प्रत्येक पायरीवर तुमची परवानगी लागते. मोजणाऱ्याला लिहायची परवानगी, मागणाऱ्याला वाचायची परवानगी. दोन्हींतली एक जरी राहिली तरी वरचा आकडा शून्य राहू शकतो.

आकडा कुठे अडतो?

मंडळातल्या बायकांचे फोन तपासताना पुन्हा पुन्हा सापडलेल्या गोष्टी सांगते. याच क्रमाने बघा.

१. फोन अंगावर आहे का? निम्म्या तक्रारी इथेच संपतात. साडीला खिसा नसतो, म्हणून फोन पिशवीत, ओट्यावर नाहीतर चार्जिंगला. कमरेच्या छोट्या बटव्यात ठेवला तर मोजणी बरीच सुधारते.

२. परवानगी दिली आहे का? अँड्रॉइड १० पासून पावलं मोजण्यासाठी ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ नावाची वेगळी परवानगी लागते. घाईत आपण ती नाकारलेली असते. सेटिंग, मग ॲप्स, मग त्या ॲपचं नाव, मग परवानग्या, अशा वाटेने जाऊन बघा. आयफोनमध्ये ‘हेल्थ’ ॲपमध्ये कुणाला काय वाचू दिलं आहे ते दिसतं.

३. बॅटरी वाचवणारी सोय ॲपला झोपवते का? बरेच फोन चार्जिंग टिकावं म्हणून मागे चालणारी ॲप आपोआप बंद करतात. मग तुम्ही ॲप उघडाल तेव्हाच आकडा पुढे सरकतो. मोजणाऱ्या ॲपपुरती ही सोय काढून टाका.

४. पट्टा आणि फोनची गाठ पडते का? पट्टा ब्लूटूथने बोलतो. ब्लूटूथ बंद असेल, किंवा अँड्रॉइड १२ नंतरच्या फोनवर ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी दिली नसेल, तर पावलं पट्ट्यातच राहतात. पट्ट्याचं स्वतःचं ॲप रोज एकदा उघडा. पट्ट्याची आठवण थोड्या दिवसांची असते, त्यानंतर जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

५. मोजणी दोनदा होते का? फोन कमरेला आणि पट्टा मनगटाला असेल, तर दोघंही तीच पावलं लिहितात. आशाताईने नोंदवलेलं बाळ अंगणवाडीताईनेही नोंदवलं आणि गावात बाळं दुप्पट झाली, तसं हे. हेल्थ कनेक्टमध्ये आणि आयफोनच्या हेल्थमध्ये कोणत्या साधनाला पहिला मान द्यायचा तो क्रम लावता येतो. तो लावा. वेलनेस ॲपलाही एकाच ठिकाणाहून वाचू द्या.

६. खातं एकच आहे का? मुलाच्या ईमेलवर एक ॲप, आपल्या नंबरवर दुसरं, असा घोळ घराघरात आहे. फोन बदलला की तो उघडा पडतो.

७. तारीख कधी पलटते? ॲपचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. रात्रपाळीच्या कामगाराची एकाच पाळीतली पावलं दोन दिवसांत वाटली जातात आणि दोन्ही दिवस तो नापास ठरू शकतो. हा त्याचा आळस नाही, मोजणीची पद्धत तशी आहे. ही गोष्ट कामगार संघटनेने व्यवस्थापनासमोर मांडावी अशीच आहे.

८. जुनी पावलं का येत नाहीत? हेल्थ कनेक्ट नव्या ॲपला साधारणपणे परवानगी दिल्याच्या आधीच्या ३० दिवसांपर्यंतचीच नोंद वाचू देतं. म्हणून स्पर्धा सुरू व्हायच्या आधी जोडणी करा, शेवटच्या आठवड्यात नको.

एवढं करूनही शंका असेल तर सोपी परीक्षा घ्या. आकडा लिहून ठेवा, तोंडाने मोजत शंभर पावलं चाला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा आकडा बघा. फोन आधी हातात, मग कमरेला, मग पिशवीत ठेवून तीनदा करा. तुमचा फोन तुमच्यावर किती अन्याय करतो ते वीस मिनिटांत कळेल.

दहा हजार हा आकडा आला कुठून?

हा आकडा वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा होती, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विक्रीला आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. लक्षात राहायला गोल आकडा, खपायला बरं नाव. तोच पुढे जगभर नियमासारखा पसरला.

अभ्यास नंतर झाले. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे १६,७०० वयस्क महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साधारण ७,५०० पावलांनंतर आणखी फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. २,००० पावलांच्या तुलनेत ७,००० पावलांना मृत्यूचा धोका सुमारे ४७ टक्के कमी दिसला. हे अभ्यास संबंध दाखवतात. चाललं की अमुक इतकी वर्षं मिळतातच, अशी हमी ते देत नाहीत. पण सांगणं स्पष्ट आहे. अगदी कमी चालणाऱ्याने थोडं वाढवलं तर सर्वांत जास्त लाभ त्यालाच होतो. दहा हजार झाले नाहीत म्हणून चाललेलं वाया जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यात पावलांचा आकडाच नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, असं ती सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. मध्यम जोर म्हणजे किती? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. मिनिटाला साधारण शंभर पावलं. यासाठी भिंतीवरचं घड्याळ पुरतं. फोनही नको, पट्टाही नको.

कुणी वाढवावी, कुणी थांबावं?

आपल्या समाजात दोन प्रकारची माणसं आहेत आणि दोघांना एकच आकडा लागू होत नाही.

पहिली, नोकरीत बसून काम करणारी. कर्जतहून लोकलने मुंबईला जाणारी, ऑफिसात आठ तास खुर्चीत, परत येताना पुन्हा गाडीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यात आपली शिकलेली, स्थिरावलेली पिढीही आहे. यांनी पावलं जरूर वाढवावीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं साखरेसाठी विशेष उपयोगी. खालापूरच्या पावसात बाहेर निघता येत नसेल तर विहाराच्या सभागृहात फेऱ्या मारा. विहारात चालणं आपल्याला नवं नाही. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमण सांगितलं, त्याचे जे पाच लाभ सांगितले त्यांत निरोगी राहणं आणि खाल्लेलं पचणं हेही आहे. सुट्टीच्या दिवशी कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांपर्यंत चालत गेलं तर व्यायामही होतो आणि मुलांना आपला वारसाही दिसतो.

दुसरी, अंगमेहनत करणारी. वीटभट्टी, शेती, बांधकाम, सफाई, धुणीभांडी. यांना पावलांचं लक्ष्य देणं म्हणजे तहानलेल्याला मीठ देणं. त्यांना विश्रांती, पुरेसं जेवण आणि तपासणी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. जी बाई दोन जिने चढली की धापा टाकते, तिला ‘चालत जा’ सांगण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं.

चालायला लागण्यापूर्वी हे वाचा

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोळी घेऊन, जेवण टाळून चालू नका. नेमकं हेच आमच्या ताईंकडून झालं. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटलं तर तिथेच बसा आणि आधी साखर खा. तपासणी नंतर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालताना येते आणि थांबलं की जाते, असं होत असेल तर चालणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. आकडा पुरा करायला आणखी एक फेरी मारू नका.

मधुमेहींनी अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत चालू नये. रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात बघावेत. पायाला लागलेलं कळत नाही, तिथूनच मोठी दुखणी सुरू होतात.

बाजारात काही घड्याळं टोचल्याशिवाय रक्तातली साखर दाखवतो म्हणून विकली जातात. त्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचा न टोचता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर गोळी कमी-जास्त केली तर जीव जाऊ शकतो.

ही माहिती जाते कुणाकडे?

पावलांत काय गुपित, असं वाटेल. पण रोजची पावलं जोडली की पुष्कळ काही कळतं. तुम्ही कधी उठता, कधी घरी येता, कोणत्या दिवसांत आजारी होता, चालणं अचानक कधी कमी झालं. धावण्या-चालण्याच्या ‘स्ट्राव्हा’ ॲपने जगभरातल्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये त्यातून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या. सैन्याचं असं, तर एकट्या चालणाऱ्या मुलीचं काय? चालण्याचा रस्ता दाखवणारी सोय बंद ठेवा. निदान घराजवळचा भाग तरी लपवा. पावलं मोजायला तुमचे संपर्क, मेसेज, फोटो लागत नाहीत. ते मागणाऱ्या ॲपला नाही म्हणा.

आपल्या माणसांनी तर याकडे जास्त बारकाईने बघायला हवं. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे हे वरिष्ठांना पडद्यावर दिसू लागलं. चंडीगडमध्येही तसंच झालं आणि कामगारांनी विरोध केला. हरयाणात २०२१ मध्ये आशाताईंनी फोनवर पाळत ठेवू शकणाऱ्या ॲपविरुद्ध आंदोलन केलं. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात अंगणवाडीताईंनी निकृष्ट फोन आणि इंग्रजीतलं ॲप नको म्हणून सरकारी फोन परत केले. घड्याळ तेच, सेन्सर तोच. साहेबाच्या मनगटावर त्याला आरोग्य म्हणतात आणि झाडू मारणाऱ्या बाईच्या मनगटावर हजेरी. झाडू हातात कुणाच्या असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, संविधानाच्या कलम २१ मध्ये तो अंतर्भूत आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी घेतो हे साध्या भाषेत सांगावं, मागितलं तर आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही द्यावं, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं, असं तो कायदा सांगतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. पण विचारायला आजपासून सुरुवात करता येते.

कंपनीने किंवा विमा एजंटने ॲप दिलं तर चार प्रश्न लेखी विचारा. हे ऐच्छिक आहे की सक्तीचं? माहिती कुणाकुणाला दिसते, माझ्या सुपरवायझरला दिसते का? पावलं कमी भरली तर माझ्या हप्त्यावर, पगारावर किंवा कामावर काही परिणाम होतो का? नोकरी सोडली की माझी माहिती पुसली जाते का? उत्तर तोंडी मिळालं तर ते उत्तर धरू नका.

आमच्या ताईंचं पुढे काय झालं?

कँटीनमधल्या चार बायकांनी मिळून व्यवस्थापनाला पत्र दिलं. फोन गेटवर जमा होतात, त्यामुळे आमची मोजणी होत नाही, आणि नावानिशी यादी लावणं आम्हाला मान्य नाही, एवढंच दोन वाक्यांत लिहिलं. यादी बोर्डवरून निघाली. एक दिवस सुपरवायझरची परवानगी घेऊन ताईंनी माझा जुना पट्टा कामावर बांधला. ट्रॉली ढकलतानाची पावलं त्यात आलीच नसणार, तरी आकडा अकरा हजारांवर गेला. ताईंनी तो आकडा सुपरवायझरना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ‘बसूनच असता’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

ॲपमध्ये ताईंचा आकडा आजही नऊशेच आहे. बक्षिसाची पाण्याची बाटली त्यांना मिळाली नाही. रात्रीचं रस्त्यावरचं चालणं बंद झालं. गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घेतल्या, वेळेवर जेवण सुरू झालं आणि जेवणानंतर अंगणात दहा मिनिटं फेऱ्या. त्यानंतर साखर तशी खाली गेलेली नाही.

तुमच्या फोनचा आकडा जुळत नसेल तर रविवारच्या वंदनेनंतर मंडळातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला सोबत घेऊन वरची आठ कारणं एकेक करून बघा. आकडा जुळला तर चांगलंच. नाही जुळला तरी डॉक्टरांकडे जाताना ॲपचा आकडा नेऊ नका, दिवसभर काय काम करता ते सांगा. किती तास उभ्या असता, काय उचलता, कधी जेवता, कधी दम लागतो. तुमचं दुखणं त्यावरून कळेल.

जयभीम.